नवा फोन मिनिटभरात संपतो, तेव्हा नेमकं काय घडतं

दुपारचे बारा वाजतात. उलटे धावणारे आकडे शून्यावर येतात, 'बाय नाऊ'चं बटण उजळतं, आपण ते दाबतो. चक्र फिरत राहतं आणि मग पडद्यावर उमटतं 'आउट ऑफ स्टॉक'. आठवडाभर वाट पाहिलेला फोन मिनिटभरात संपलेला असतो. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात विचारायला जावं, तर तिथेही "भाऊ, आलेच दोन होते, सकाळीच गेले" असं उत्तर मिळतं. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की आपलंच बोट हळू पडलं, आपलंच नेट मंद होतं. त्यात थोडं तथ्य आहे. पण निकालाचा मोठा भाग आपण बटण दाबण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. तो कसा लागतो, माणसं हमखास कुठे अडकतात आणि नागपुरात बसून आपल्या हाती काय उरतं, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

ही पद्धत आली कुठून

मागणी जास्त आणि माल कमी, हे आपल्याला नवं नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीने बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली. तेव्हा कारखान्याने किती गाड्या बनवायच्या यावर सरकारी परवान्याची मर्यादा होती. आज फोन किती बनवायचे आणि पहिल्या दिवशी किती विकायला काढायचे, हे कंपनी स्वतः ठरवते. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्याकडे फोनचा 'फ्लॅश सेल' रुळला तो २०१४ साली. फ्लॅश सेल म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नगांची, माल संपेपर्यंतच चालणारी विक्री. त्या वर्षी २२ जुलैला शाओमीचा मी ३ हा फोन फ्लिपकार्टवर १३,९९९ रुपयांना आला आणि पहिला साठा सुमारे ३९ मिनिटांत संपला. पुढच्या आठवड्यातला साठा तर अवघ्या पाच सेकंदांत गेला. मग २ सप्टेंबरला ५,९९९ रुपयांचा रेडमी १एस आला. ४०,००० फोन ४.२ सेकंदांत संपल्याचं कंपनीने जाहीर केलं.

हा शेवटचा आकडा जरा उलगडून पाहू. सेकंदाला जवळजवळ साडेनऊ हजार फोन! एवढ्या वेळात कुणीही पत्ता निवडून, कार्डाचा नंबर टाकून, ओटीपी भरू शकत नाही. म्हणजे त्या चार सेकंदांत पैसे भरून झाले नव्हते, फक्त फोन कुणाच्या ना कुणाच्या नावावर अडकले होते. 'अडकणं' आणि 'विकलं जाणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदीच्या दिवशी हा फरक आपल्या फार उपयोगी पडतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वनप्लस वन अ‍ॅमेझॉनवर आला. त्याला आमंत्रण लागायचं, म्हणजे आधीच्या ग्राहकाकडून किंवा कंपनीकडून निमंत्रण मिळालं तरच तो विकत घेता येई. आता निमंत्रणं गेली, पण 'आधी नोंदणी करा', 'अर्ली अ‍ॅक्सेस' आणि 'प्रायॉरिटी पास' या रूपांत तोच प्रकार सुरू आहे.

माल कमी का असतो

नव्या फोनचं उत्पादन पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात चालत नाही. पडदा, कॅमेरा, चिप असे भाग वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात. त्यातला एक जरी कमी पडला, तरी जुळणी तिथेच थांबते. शिवाय फोन हा लवकर शिळा होणारा माल आहे. काही महिन्यांत किंमत उतरते, वर्षभरात नवं मॉडेल येतं. न विकला गेलेला साठा कंपनीला महागात पडतो, म्हणून पहिली खेप जपून काढली जाते. इथपर्यंतचं कारण समजण्यासारखं आहे.

पण दुसरंही एक कारण आहे आणि ते तितकंच खरं आहे. 'सेकंदात संपला' ही बातमीच फुकटची जाहिरात ठरते. माल मुद्दाम तुटपुंजा ठेवून भूक वाढवण्याच्या या युक्तीला व्यापारात 'हंगर मार्केटिंग' म्हणतात. एखाद्या विशिष्ट विक्रीत ती वापरली गेली की नाही, हे बाहेरून सिद्ध करणं कठीण असतं. मात्र किती नग विक्रीला होते हे कंपनीने आधी सांगितलंच नसेल, तर 'सेकंदात संपला' या दाव्याला आपण फार किंमत देऊ नये.

याबाबत कायदा काय म्हणतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. केंद्र सरकारने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. आकर्षक किमतीचं आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींसाठी त्यात स्पष्ट अटी आहेत. जाहिरातीमुळे जेवढी मागणी येईल असा अंदाज बांधता येतो, तेवढा माल हाताशी असायला हवा. मागणी पुरवठ्याहून जास्त होणार असेल, तर साठा मर्यादित आहे हे जाहिरातीतच सांगायला हवं. म्हणून जाहिरातीचा फोटो काढून ठेवायची सवय लावून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पहिला कागद असतो.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गोदामाच्या हिशेबात 'फोन' अशी एक वस्तू नसते. तीन प्रकारची साठवण क्षमता आणि चार रंग असतील, तर त्या बारा वेगळ्या वस्तू होतात आणि प्रत्येकीचा साठा वेगळा मोजला जातो. जाहिरातीत झळकलेला रंग आणि सर्वांत स्वस्त प्रकार आधी संपतो. बाकीचे रंग बरेचदा तासभर शिल्लक असतात, पण आपण हव्या त्या एकाच पानावर डोळे लावून बसलेलो असतो. म्हणून आदल्या दिवशीच मनाशी ठरवा, पहिला रंग मिळाला नाही तर दुसरा कोणता चालेल. कव्हर घातल्यावर तो फारसा दिसतही नाही.

नागपूरच्या वाट्याला काय येतं

दुकानांतला माल कंपनीकडून मोठ्या वितरकाकडे, त्याच्याकडून शहरातल्या वितरकाकडे आणि मग दुकानात असा येतो. कुणाला किती द्यायचे हे बहुतेक वेळा आधीच्या विक्रीवर ठरतं. त्यामुळे मोठ्या साखळी दुकानांना पहिला हिस्सा मिळतो आणि सदर किंवा धरमपेठेतल्या एकट्या दुकानदाराच्या हाती दोन-चार नग पडतात. मुंबई-पुण्याचा वाटा मोठा, आपला लहान, हे साधं गणित आहे.

अ‍ॅपलच्या फोनबाबत हे आणखी जाणवतं. कंपनीचं स्वतःचं पहिलं भारतीय दालन १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात उघडलं. पुण्यात कोरेगाव पार्कमध्ये ४ सप्टेंबर २०२५ रोजी दालन सुरू झालं. नागपुरात आपल्याला अधिकृत विक्रेत्यांवरच अवलंबून राहावं लागतं. आयफोन १७ ची विक्री १९ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या दालनाबाहेर लोक रात्रीपासून रांगेत उभे होते. सकाळी तिथे धक्काबुक्की झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून 'गाडी काढू आणि मुंबईहूनच घेऊन येऊ' असं तरुण मुलांच्या तोंडी येतं. माझं स्पष्ट मत आहे की फोनसाठी हा प्रवास करू नये. पेट्रोल, टोल आणि रात्रीचं ड्रायव्हिंग हे सगळं इथे माल येईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांच्या प्रतीक्षेपेक्षा महाग पडतं.

काही फोन दुकानात येतच नाहीत, फक्त एका संकेतस्थळावर मिळतात. याविरुद्ध देशभरच्या मोबाइल दुकानदारांनी अनेक वर्षं आवाज उठवला आणि त्यात नागपूरचाही वाटा आहे. या लढ्यात पुढे असलेल्या 'कॅट' या व्यापारी महासंघाचं राष्ट्रीय अध्यक्षपद नागपूरच्या बी. सी. भरतिया यांनी दीर्घकाळ सांभाळलं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने नियम बदलला. विदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेने 'माल फक्त आमच्याकडेच विका' अशी सक्ती विक्रेत्यावर करू नये, असं त्यात म्हटलं आणि तो १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. पुढे दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. त्या तक्रारीच्या केंद्रस्थानी स्मार्टफोनच होते.

आपल्यापुरता याचा अर्थ असा, की फोन जाहीर झाल्यावर आधी ओळखीच्या दुकानदाराला विचारा, "हे मॉडेल दुकानात येणार आहे का, आणि कधी?" अनेकदा तो पंधरा दिवसांनी येतोच. ते कळलं तर बारा वाजताच्या धावपळीतून आपली सुटका होते.

ऑनलाइन मागवायचा असेल, तर पिनकोड ही पहिली चाळणी आहे. संकेतस्थळ आपला पत्ता पाहून जवळच्या गोदामातला साठा दाखवतं. देशातले दोन मोठे महामार्ग, ४४ आणि ५३, नागपुरात एकमेकांना छेदतात. वाडी आणि अमरावती रोडचा पट्टा ट्रान्सपोर्ट आणि गोदामांसाठी ओळखला जातो. तरीही एखादा नवा फोन ४४० ने सुरू होणाऱ्या शहरी पिनकोडला मिळतो आणि ४४१ ने सुरू होणाऱ्या कामठी-हिंगण्याकडच्या पत्त्यावर 'उपलब्ध नाही' दिसतो, असं होऊ शकतं. आपण शहराबाहेर राहत असाल, तर शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता खात्यात आधीच जोडून ठेवा. त्यांना तसं कळवायलाही विसरू नका, कारण घरी माणूस नसेल तर पार्सल परत जातं.

आदल्या दिवशीची तयारी

माझ्या पाहण्यात सर्वाधिक माणसं फोनसाठ्यावर नव्हे, तर पैसे भरण्याच्या पानावर अडकतात. म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

सुरुवात कार्डापासून करू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असतं. ऑनलाइन खरेदीची सोय बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच चालू करायची असते. तिथेच दिवसाची मर्यादाही असते. मर्यादा पन्नास हजारांची आणि फोन साठ हजारांचा असेल तर व्यवहार नाकारला जातो, आणि ते कळेपर्यंत फोन गेलेला असतो.

१ ऑक्टोबर २०२२ पासून संकेतस्थळांना आपल्या कार्डाचा खरा नंबर साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी बँक एक सांकेतिक क्रमांक देते, त्याला 'टोकन' म्हणतात. आपलं कार्ड असं आधीच जोडलेलं असेल, तर ऐन वेळी सोळा आकडे टाइप करावे लागत नाहीत. एखादी पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आदल्या आठवड्यात त्याच कार्डाने घेऊन पाहा. कार्ड जोडलं जातं आणि ते चालतं याचीही खात्री होते.

यूपीआयने पैसे देणार असाल, तर एक मर्यादा ध्यानात ठेवा. साध्या खरेदीत दिवसाला साधारण एक लाख रुपयेच जातात, काही बँकांत त्याहून कमी. आयफोन १७ ची सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये होती, तो या मर्यादेत बसतो. पण १,३४,९०० रुपयांचा १७ प्रो बसत नाही. त्याच दिवशी घरभाडं यूपीआयने भरलं असेल, तर तेही या मर्यादेतून वजा होतं. शिवाय हातातला फोन किंवा सिम नुकतंच बदललं असेल, तर पहिला दिवसभर यूपीआयची मर्यादा फारच कमी असते.

बाकीची तयारी किरकोळ आहे. अ‍ॅप अद्ययावत करा, खात्यात आधीच शिरून बसा, एकच पत्ता 'नेहमीचा' म्हणून निवडा, फोनची वेळ 'आपोआप' या पर्यायावर ठेवा. ओटीपी ज्या नंबरावर येतो ते सिम जवळ आणि चालू हवं. घरातली दोन-तीन खाती ज्या नंबराशी जोडलेली असतात तो फोन नेमका बाबांसोबत ऑफिसला गेलेला असतो, हे फार वेळा घडतं.

ते एक मिनिट

बारा वाजता काय होतं, ते रेल्वेच्या तत्काळ तिकिटासारखं आहे. खिडकी एकच वेळी उघडते, लाखो हात एकाच वेळी पुढे येतात आणि यंत्रणा त्यांना एका ओळीत उभं करते. आपण बटण दाबलं की आपली विनंती सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळाच्या मुख्य संगणकाकडे जाते. तिथे त्या रंगाच्या साठ्याचा आकडा एकाने कमी होतो आणि तो नग काही मिनिटांसाठी आपल्या नावावर अडकतो.

मात्र सगळीकडे असं होत नाही, आणि इथेच मोठा घोटाळा होतो. काही संकेतस्थळं कार्टमध्ये टाकताच नग राखून ठेवतात. काही ठिकाणी कार्ट ही नुसती यादी असते आणि नग राखला जातो तो पैसे भरायच्या वेळी किंवा पैसे भरल्यावर. त्यामुळे 'कार्टमध्ये आला, आता आपलाच' असं समजून कूपन शोधत बसू नका. ऑर्डर क्रमांक हाती येईपर्यंत फोन आपला नाही, असं धरून चाला.

गर्दी फार झाली तर काही संकेतस्थळं आपल्याला प्रतीक्षा-पानावर उभं करतात. 'आपण रांगेत आहात, पान बंद करू नका' असं तिथे लिहिलेलं असतं. ते शब्दशः पाळा. पान पुन्हापुन्हा ताजं केलं तर रांगेतली जागा जाऊ शकते आणि आपण शेवटी फेकले जातो. एकाच खात्याने मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीकडून झटापट करणंही टाळा. कार्टमध्ये दोन नग पडले आणि 'एका ग्राहकाला एकच' असा नियम असला, तर ऑर्डर अडते. घरातल्या दुसऱ्या माणसाने स्वतःच्या खात्यातून स्वतंत्र प्रयत्न करणं हे जास्त बरं.

रांगेत माणसांबरोबर यंत्रंही असतात. 'बॉट' म्हणजे माणसाऐवजी आपोआप बटणं दाबणारी संगणकीय आज्ञावली. चढ्या भावाने विकण्यासाठी फोन गोळा करणारे लोक ती वापरतात. आपण कितीही चपळ असलो तरी तिच्याशी वेगात बरोबरी होत नाही, म्हणून हरल्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आणि आता मघाचा 'अडकणं' आणि 'विकलं जाणं' हा फरक आठवा. ज्यांच्या नावावर फोन अडकले, त्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे भरले जात नाहीत. कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाची मर्यादा संपते, कुणी विचार बदलतो. ठरावीक मिनिटं उलटली की तो नग पुन्हा साठ्यात येतो आणि पानावर 'उपलब्ध' दिसू लागतो. म्हणून 'आउट ऑफ स्टॉक' दिसल्यावर रागाने अ‍ॅप बंद करू नका. अर्धा तास शांतपणे बसा आणि दर दोन-तीन मिनिटांनी पाहत राहा. रद्द झालेल्या ऑर्डरींचे नग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही परत येतात. 'नोटिफाय मी' हे बटण दाबून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण तो संदेश एकाच वेळी सगळ्यांना जातो.

पैसे गेले, फोन नाही

खात्यातून रक्कम वजा झाली आणि ऑर्डर मात्र झाली नाही, ही सर्वांत जीव घाबरवणारी स्थिती. घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी 'माझ्या ऑर्डर' या पानावर पाहा. तिथे काहीच नसेल, तर बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची मुदत ठरवून दिली आहे. ऑनलाइन खरेदीत कार्डातून किंवा यूपीआयने रक्कम गेली आणि विक्रेत्याकडे ती पोचल्याची खातरजमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. ही भरपाई ग्राहकाने मागितली नाही तरी द्यावी, असं परिपत्रक सांगतं. प्रत्यक्षात मात्र लेखी पाठपुरावा करावाच लागतो.

ऑर्डर झाली आणि दोन दिवसांनी विक्रेत्यानेच ती रद्द केली, हा वेगळा प्रकार. पडद्यांची छायाचित्रं, ऑर्डर क्रमांक आणि आलेला ई-मेल जपून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. त्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. ग्राहक सेवेच्या चॅटमध्ये तासन्‌तास घालवण्यापेक्षा थेट तिथे ई-मेल पाठवा.

दुकानात नंबर लावताना

दुकानात आगाऊ रक्कम देऊन नाव नोंदवायचं असेल, तर पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या : मॉडेल, रंग आणि साठवण क्षमता, ठरलेली किंमत, आणि फोन अमुक तारखेपर्यंत आला नाही तर रक्कम पूर्ण परत मिळेल हे वाक्य. ओळखीचा दुकानदार असला तरी लिहून घ्या. त्याने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात.

तुटवडा असला की दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "फोन आहे, पण कव्हर, काच आणि विमा सोबत घ्यावा लागेल." ही सक्ती बेकायदा आहे. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणं, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. नम्रपणे एवढंच म्हणा, "दादा, बिलावर फक्त फोन लिहा." बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

जास्तीचे पैसे मागितले तर खोक्यावरची छापील किंमत पाहा. तिच्यात सगळे कर धरलेले असतात आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. घेतल्यास वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. इथे एक बाब समजून घ्या. अनेक फोनांची छापील किंमत जाहिरातीतल्या किमतीपेक्षा दोन-तीन हजारांनी जास्त असते. दुकानदाराने त्या दोन्हींमधली रक्कम मागितली तर ते आपल्याला खटकेल, पण छापील किमतीचा नियम तिथे मोडलेला नसतो. अशा वेळी दुसरं दुकान गाठणं हाच उपाय.

घाईत पडणारे खड्डे

फोन कुठेच मिळत नाही, नेमक्या त्याच आठवड्यात फसवणूक करणाऱ्यांचा हंगाम असतो. 'शेवटचे पाच नग', 'पाच हजार भरा, नाव पक्कं करा' असे संदेश येतात. संकेतस्थळाचं नाव हुबेहूब मूळ कंपनीसारखं असतं, एखादंच अक्षर वेगळं. फोन नेहमी अ‍ॅप उघडूनच शोधा, संदेशातल्या दुव्यावरून नव्हे. खोटी घाई दाखवून ग्राहकाला ढकलणं हा केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बंदी घातलेल्या तेरा फसव्या युक्त्यांपैकी एक प्रकार आहे. नामांकित संकेतस्थळावर तो दिसला तरी तक्रार करता येते.

२०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा नोएडाच्या एका कंपनीने केली होती. पहिल्याच दिवशी गर्दीने तिचं संकेतस्थळ कोसळलं. कंपनीच्या प्रमुखाला पुढच्या वर्षी फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. गर्दी आहे म्हणून माल खरा आहे, असं होत नाही.

कुणी 'सीलबंद, बिलाशिवाय' फोन देत असेल तर आयएमईआय तपासा. हा प्रत्येक फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. फोन चालू करून *#०६# डायल केलं की तो पडद्यावरही येतो. दोन्ही जुळायला हवेत. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनची नोंद काय आहे ते उत्तर येतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी अ‍ॅपवरही ते पाहता येतं. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवत असाल, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ व्या मालिकेपासून सिम घालायची खाचच नसते, हे आधी ध्यानात घ्या. तो फक्त ई-सिमवर चालतो.

पैसे फसवून गेलेच, तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली गेली तर परत मिळण्याची आशा असते.

फोन घरी आला की 'ओपन बॉक्स' पर्याय असल्यास डिलिव्हरी देणाऱ्यासमोरच खोकं उघडा, आणि ओटीपी त्यानंतरच सांगा. तो पर्याय नसेल तर सील तोडण्यापासून सलग व्हिडिओ काढा. त्यात पार्सलवरची चिठ्ठी वाचता आली पाहिजे.

तक्रार करायची तर पहिली पायरी १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. तिथे प्रश्न सुटला नाही तर ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होते. नागपूरचा आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे. कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असो की गुरुग्रामला, आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागायचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही.

एवढं करूनही पहिल्या दिवशी फोन मिळाला नाही, तर बहुतेक मॉडेलं महिना-दीड महिन्यात दुकानांत येतात. तोवर सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त झालेल्या असतात आणि सणासुदीच्या सवलतीत किंमतही अनेकदा उतरते. तेव्हा थांबा, पण चढा भाव देऊन काळ्या बाजारातून घेऊ नका. तो भाव देणारा आहे म्हणूनच पहिल्या मिनिटाला साठा उचलणारा तयार होतो.